बाप : तृतीयपुरुषी, एकवचनी

व्याकरणात पुरुष तीन. बोलणारा तो पहिला, ऐकणारा तो दुसरा आणि ज्याच्याविषयी त्याच्या माघारी बोललं जातं तो तिसरा. पांढरकवड्यातल्या एका घरात या नियमाला अपवाद सापडला आहे. तिथला तिसरा पुरुष चांगला हजर असतो. भिंतीला टेकून चहात टोस्ट बुडवत असतो, आणि गप्पा त्याच्या डोक्यावरून चाललेल्या असतात.

“बाबाले विचारू नको, ते नाई म्हणतीन.”

“मंग आजीले सांगू. आजी बाबाले सांगन.”

“बाबा रागावले काय?”

“नाई रे, त्यांचं तोंडच तसं आहे.”

सात वर्षांची थोरली आणि साडेतीन वर्षांचा धाकटा यांच्या लेखी बाप म्हणजे एक कचेरी आहे. ती असते, उघडीही असते, पण थेट आत जाऊन काम होत नाही. मध्ये ओळखीचं कोणीतरी लागतं. म्हणून हा लेखही तृतीयपुरुषीच लिहिलेला बरा. घरात रुळलेली पद्धत उगाच कशाला मोडा?

बाप गावातल्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. शाळा दूरच्या खेड्यात, त्यामुळे ती सकाळच्या एसटीनं निघते. दोन लेकरं, एक डबा आणि अख्खी सकाळ एवढे जिन्नस बापाच्या ताब्यात देऊन ती जाते, तेव्हा आजी देवापुढं बसलेली असते. आजीची पूजा एरवी दहा मिनिटांची. शाळेच्या दिवशी तीच पाऊण तास चालते.

राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचं कारण. बापानं ही बातमी पेपरात दोनदा वाचली. मुंबईत आपल्याला ओळखणारं कोणीतरी बसलं आहे, असं त्याला वाटलं. पण निर्णय काढणाऱ्यांनी एक गोष्ट धरली नव्हती. लेकरांची झोप घड्याळावर चालत नाही, वारावर चालते. सोमवारी पावणेआठला थोरलीला पोत्यासारखं उचलून न्हाणीत उभं करावं लागतं, आणि ती उभ्यानं झोपते. दात घासताना झोपते. एक मोजा घातला की दुसऱ्या मोज्यापर्यंतच्या वेळात तिला स्वप्न पडतं. रविवारी मात्र पहाटे साडेपाचला दोघं टक्क जागी. बापाच्या पापण्या बोटांनी वर करून आत कोणी आहे की नाही ते तपासत असतात. शासन निर्णयात रविवारचा उल्लेख नाही.

दप्तराचाही सरकारी नियम आहे. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावं, असं राज्य सरकारनं २०१५ साली सांगितलं. हे कळल्यावर बापातला हिशेबनीस स्वस्थ बसेना. कापसाच्या हंगामातल्या एका शनिवारी तो दोन्ही लेकरांना आणि दप्तराला घेऊन जिनिंगमध्ये गेला. तिथला मोठा काटा गाड्या तोलायचा. पण किरकोळ मालासाठी एक लहान काटाही आहे. थोरलीला त्यावर उभं केलं. बरोबर वीस किलो. हाताला सवय, त्यानं वहीत लिहिलं, ‘०.२० क्विंटल’.

“भाव काय लावता, भाऊ?” एका हमालानं विचारलं.

बापानं खरोखरच गुणाकार केला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. त्या हिशेबानं लेकीचे १,६२२ रुपये झाले. तिचे बूट, गणवेश, रंगपेटी आणि वाढदिवसाचा केक एवढंच धरलं तरी आकडा याच्या दुपटीवर जातो. म्हणजे उत्पादनखर्च हमीभावाच्या वर, हे दुखणं शेतापुरतं राहिलेलं नव्हतं. धाकट्याची पाळी आली तेव्हा हमालांनी एकमतानं तो माल नाकारला. सरकारी खरेदीत कापसात आठ टक्क्यांपर्यंत ओल असली तर पूर्ण भाव मिळतो, बारापर्यंत कपात होते, त्यावर माल परत जातो. धाकटा जन्मल्यापासून बारा टक्क्यांच्या खाली आलेलाच नाही.

मग दप्तर चढलं. तीन किलो चारशे. मर्यादा दोन किलोची. चौकशी बसली. पुस्तकं-वह्या दीड किलो, डबा आणि पाण्याची बाटली मिळून सव्वा; म्हणजे सरकारची मर्यादा विद्या आणि पाणी यांतच संपली होती. उरलेला ऐवज असा : नऊ दगड, त्यातले दोन ‘चमकणारे’, मोराचं नसलेलं पण मोराचं म्हणून अदलाबदलीत घेतलेलं एक पीस, सायकलची घंटी, सायकल नसताना, दिवाळीतली अर्धी करंजी, आणि मोटरसायकलची ती चावी, जी हरवली म्हणून बापानं तीन महिन्यांपूर्वी अख्खं कुलूप बदललं होतं. थोरलीला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, “तुमीच म्हणे ना, सांभाळून ठेव.” हे तो खरंच म्हणाला होता. दगड जप्त झाले. पावती मात्र दिली गेली नाही, आणि ती चूक बापाला पुढं महागात पडली.

थोरलीच्या प्रश्नांचा हंगाम बारमाही. एकदा तिला घरचा पत्ता लिहून न्यायचा होता. मुक्काम पोस्ट पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ. इथंच गाडी अडली.

“गाव पांढरकवडा तर तालुका केळापूर काऊन?”

बापानं सांगितलं की केळापूर इथून जवळच आहे, जगदंबेचं देऊळ आहे ना, तेच. तालुका त्याच्या नावानं लागतो, कचेऱ्या मात्र पांढरकवड्यात.

“म्हणजे नाव एकीकडं आन् तालुका एकीकडं?”

“हाव.”

“केळापूरले केळी हायेत?”

“असतीन.”

“मंग पांढरा कवडा कुठाय?”

कवडा म्हणजे होल्यासारखं पाखरू, एवढं बापाला ठाऊक. तो पांढरा होता की नव्हता, गावाला नाव त्याच्यावरून पडलं की आणखी कशावरून, हे त्यानं पस्तीस वर्षांत स्वतःला कधी विचारलेलं नव्हतं. त्याचा धीर तिथंच सुटला. तेवढ्यात नकाशावर तिचं बोट नदीवर जाऊन थांबलं. नदीचं नाव खुनी.

“कोणाचा खून केला तिनं?”

“कोणाचाच नाई.”

“मंग पोलिसांनी तिचं नाव काऊन लिहिलं?”

थोरली हा विषय पत्ता लिहून झाल्यावर विसरली. धाकटा नाही विसरला. पूल आला की तो बापाच्या पाठीत तोंड खुपसतो, पूल संपेपर्यंत श्वास घेत नाही, आणि पलीकडे पोचल्यावर मागं वळून नदीला ओरडून सांगतो, “आमी चाललो!”

या घरात भाषा किती बोलल्या जातात, याची शिरगणती व्हायला हवी. आजी वऱ्हाडी. आई वर्गात पुस्तकी आणि घरी पाहुणे येईपर्यंत वऱ्हाडी. बाप दिवसभर जिनिंगमध्ये मराठी, हिंदी आणि सरहद्दीपलीकडून आलेल्या ड्रायव्हरांशी हातवारेयुक्त तेलुगू. एका संध्याकाळी आईनं थोरलीला सरावासाठी चित्रं दिली, नावं लिही म्हणून. हिरव्या जुडीचं चित्र होतं. थोरलीनं लिहिलं ‘सांबार’. आईनं लाल रेघ मारून वर लिहिलं ‘कोथिंबीर’. आजीनं ते पाहिलं आणि हातातली सुपारी तशीच ठेवली.

“पन्नास वर्षं झाली, भाजीत सांबार टाकून राह्यली मी. कोथिंबीर कोण टाकून गेली वं?”

आई म्हणाली, पुस्तकात तसंच आहे. आजी म्हणाली, पुस्तक पुण्याहून येते, भाजी इथंच बनते. पंच म्हणून बापाला बोलावलं. त्यानं क्षणभर विचार करून सांगितलं की दोन्ही बरोबर. हे उत्तर भाषाशास्त्राच्या दृष्टीनं निर्दोष होतं. त्या रात्री वांग्याच्या भाजीत ना सांबार पडला, ना कोथिंबीर.

पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही, यावर २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र पेटला होता. १६ एप्रिलला निर्णय निघाला, मोर्च्यांची तयारी झाली, २९ जूनला सरकारनं निर्णय मागं घेतला. इथं धाकट्यानं हा प्रश्न शासनाची वाट न पाहता सोडवलेला होता. मोटू-पतलू ही जोडगोळी २०१२ पासून टीव्हीवर धावते आहे, आणि तिच्या कृपेनं तो झोपेत “बचाओ, बचाओ” करतो. बापाला तो एरवी बाबा म्हणतो, पण फुगा घ्यायचा असला की ‘पिताजी’. ताटात दुधीभोपळा दिसला की “मेरा पेट भर गया है” असं अतिशय शुद्ध हिंदीत सांगतो. त्याच वेळी कोणी जिलबीचा पुडा सोडला की तो तत्काळ मायबोलीवर येतो, “मले! मले! पयले मले!”

विदर्भाचा अनुशेष हा शब्द बापानं पाळण्यात ऐकला असावा. १९८३ साली सरकारनं वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्याचा कोणता भाग कशात किती मागं आहे, हे तिनं दुसऱ्या वर्षी मोजून दिलं. तेव्हापासून सिंचनात कमी, रस्त्यांत कमी, हे पाढे चालू आहेत. मात्र एका बाबतीत विदर्भाला उर्वरित महाराष्ट्रापेक्षा नेहमी जास्त मिळतं. उन्हाळी सुट्टी. उन्हामुळे इथल्या शाळा उशिरा उघडतात. २०२४ साली बाकीच्या राज्यात १५ जूनला घंटा झाली, विदर्भात १ जुलैला. म्हणजे पुण्याचा बाप रणांगणावरून घरी परतला, त्यानंतरही पांढरकवड्याचा बाप सोळा दिवस खिंडीत उभा होता. या सोळा दिवसांची भरपाई कोणत्याही समितीनं सुचवलेली नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की घराचा कर्ता पुरुष बदलतो. मग कर्ता कूलर. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी, दर हंगामात नव्या ताट्या, आणि बिघडला तर पाहुण्यासारखी विचारपूस. सगळं घर त्याच्याभोवती वर्तुळ करून राहतं. धाकट्याचा मुख्य उद्योग म्हणजे झोताला तोंड लावून “आऽऽऽ” करणं; आवाज थरथरत बाहेर पडतो आणि तो स्वतःच्या गाण्यावर खूश होतो. टाकीत तो आधी कागदाची होडी सोडत असे. मग प्लॅस्टिकचा बेडूक आला. मग एका दुपारी बापाचा मोबाइल सापडेना. आजीच्या फोनवरून लावला, तर कूलर वाजला आणि मग कायमचा गप्प झाला. कूलर नव्हे, मोबाइल.

“तुमीच म्हणे ना,” धाकट्यानं बहिणीकडून हे वाक्य उचललेलं होतं, “मोबाइल गरम झाला म्हणून.”

रात्री झोपायची व्यवस्था ठरलेली असते. कूलरसमोर आजी, मग लेकरं, मग आई, आणि कडेला, झोत पोचतो असं सगळे म्हणतात त्या जागी, बाप. बाराच्या सुमाराला धाकटा घड्याळाच्या काट्यासारखा फिरायला लागतो. एकला त्याचे पाय आईच्या पोटावर असतात, दोनला बापाच्या गळ्यावर, आणि तीनला अख्खी सतरंजी त्याची असते. बापाला जाग येते ती उंबरठ्यापाशी, फरशीवर. फरशी थंड असते, ही गोष्ट त्याला या वयात नव्यानं कळली आहे.

पावसाळ्यात पोळा येतो, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून विदर्भात चालत आलेला हा लेकरांचा सण. लाकडी बैल सजवून घरोघर न्यायचा, बायाबापड्या बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. धाकट्याचा बैल आजोबांच्या वेळचा सागवानी आहे. एक शिंग नाही, पण रुबाब आहे. बापानं गेल्या पोळ्याचा ताळेबंद मांडून ठेवला आहे. खर्च : चाकं, रंग, घुंगरू, बेगड आणि झूल मिळून तीनशे चाळीस. उत्पन्न : बोजारा पंच्याऐंशी रुपये, चार चॉकलेटं आणि एक पेरू. पेरू बैलानं खाल्ला असं नोंदवलेलं आहे.

त्याआधीच्या संध्याकाळची गोष्ट ताळेबंदात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात. जू वाहून शिणलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून शेक देतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतणही देतात. आजीनं हे लेकरांना नीट समजावून सांगितलं. “वर्षभर ओझं वाह्यते नं तो, म्हणून.” धाकट्यानं घरात नजर फिरवली. आठवडी बाजारातून त्याला खांद्यावर बसवून कोणी आणलं, गणपतीला कोणाच्या खांद्यावरून गर्दी दिसली, हे सगळं त्यानं मनात ताडून पाहिलं असणार. बाप सतरंजीवर पालथा पडून पेपर वाचत होता. प्रथम थंडगार तूप पडलं, मग हळदीचा डबा उपडा झाला, आणि लहानलहान चार हात मोठ्या निष्ठेनं चोळायला लागले. शर्ट पांढरा होता. होता. शेवटी थोरलीनं कानाशी वाकून आवतणही दिलं. हळद मानेवरून उतरायला चार दिवस लागले, आणि जिनिंगमध्ये चारही दिवस एकच प्रश्न होता, “काय भाऊ, दुसऱ्यांदा काय?”

पांढरकवड्याच्या बापाला एक अडचण अशी आहे की इथं लेकरांना बागुलबुवाची भीती घालता येत नाही. वाघ खरोखर आहे. टिपेश्वर अभयारण्य हाकेच्या अंतरावर, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली जाहीर झालेलं. दूरदूरची माणसं सुन्ना गेटवर गाड्या लावून वाघ पाहायला येतात. या कुटुंबानंही एक सफारी केली. धाकटा पहिल्या वळणावर झोपला, थोरलीला माकडं जास्त आवडली, आईनं वह्या तपासायला सोबत आणल्या होत्या, आणि बाप झुडपाझुडपांत पट्टे शोधत होता. परत निघताना धाकटा जागा झाला आणि “वाघ दिसला” म्हणाला. तो कुठं दिसला, हे त्यानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरात मात्र वाघ पाहिलेला एकमेव माणूस म्हणून त्याचा मान आहे.

आजीच्या गोष्टीतला वाघ निराळा. २०१८ साली पांढरकवडा वनविभागात अवनी नावाच्या वाघिणीचा शोध चालला होता. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. राळेगावकडच्या गावांत लोक दिवस मावळायच्या आत शेतातून परतत, लेकरांना अंगणात सोडत नसत. २ नोव्हेंबरला तिला गोळी घातली गेली. हसायचा काळ नव्हता तो. आजी ते सांगते तेव्हा आवाज खाली घेते. पण लेकरं गोष्टीतून काय उचलतील, याचा नेम नसतो. त्या शोधात वाघिणीला ओढून आणायला परदेशी सेंट वापरायचं ठरलं होतं, एवढाच तपशील थोरलीनं घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी बापाची डिओची बाटली रिकामी आणि शेजारचं मांजर फरार. ते नंतर सापडलं, पण त्याच्याजवळ कोणतंही दुसरं मांजर महिनाभर आलं नाही.

झोपताना लेकरांना सांगायची बापाची स्वतःची गोष्ट एकच आहे, आणि ती खरी आहे. टिपेश्वरात एक वाघ जन्मला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला गेला. जूनमध्ये, पाऊस लागायच्या सुमाराला, तो घर सोडून निघाला. तेलंगणात शिरला, परत आला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटर झाले होते. तिथंही तो थांबला नाही. पट्टा गळ्यात होता तेवढ्या काळात त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. पुढं टिपेश्वरचाच आणखी एक वाघ निघाला तो थेट धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या जंगलात दिसला.

“काऊन गेला तो?” थोरलीनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा बापानं सांगितलं की वाघाचं पिल्लू मोठं झालं की आईला सोडतं, स्वतःचं जंगल शोधतं. दोन-अडीच वर्षांत.

“आन् त्याचा बाबा?”

हा प्रश्न येणार, याची बापाला कल्पना नव्हती. वाघाचा बाप पिल्लं वाढवत नाही. शिकार आणणं, लपवणं, शिकवणं, सगळं आईचं. बाप आपल्या हद्दीत फिरतो, मधूनमधून येऊन जातो. हे सांगितल्यावर आईनं उशीवरून मान वर करून बापाकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. बापानं लगेच बचावाचे साक्षीदार उभे केले. राजस्थानात रणथंबोरला २०११ साली दोन पिल्लांची आई मेली, तेव्हा टी-२५ नावाच्या वाघानं त्यांना सांभाळलं. सगळे थक्क झाले होते. मध्य प्रदेशातल्या पन्नामध्ये २०२१ साली पी-२४३ हा वाघ आई मेलेल्या चार पिल्लांच्या आसपास राहून त्यांची राखण करत होता.

“त्यांचा डबा कोण भरे?” थोरलीनं विचारलं.

“वाघ डबा नेत नाई.”

“मंग सोपं आहे,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

परवाच्या मे महिन्यात कूलरचं तोंड नीट खिडकीत बसेना, म्हणून बापानं तो कोपरा साफ केला. एका डब्यात नऊ दगड निघाले. त्यानं ते फाटकाबाहेर रस्त्यावर भिरकावले आणि विसरला. संध्याकाळी सहाला थोरलीनं डबा उघडला. ती रडली नाही. आत गेली, शाळेचं दप्तर रिकामं करून त्यात एक फ्रॉक, रंगपेटी, बिस्किटाचा पुडा आणि आजीचा जुना चष्मा भरला, आणि ओट्यावर उभी राहून जाहीर केलं की ती घर सोडून चालली आहे. कन्याकुमारीला. तिच्या आईनंच तिला शिकवलं होतं की गावाजवळून जातो तो ४४ नंबरचा महामार्ग देशातला सर्वांत लांब, श्रीनगरहून निघतो आणि कन्याकुमारीला संपतो. म्हणजे रस्ता विचारायची गरज नव्हती.

“जाऊ द्या,” आई आतून म्हणाली. “जेवायच्या आधी आणा.”

बापाला चप्पल सापडेना. अंगणात, ओट्याखाली, दाराआड, कुठंच नाही. तोवर थोरली फाटकाबाहेर पडली होती. त्यानं धाकट्याला कडेवर मारलं आणि तसाच अनवाणी निघाला. मे महिन्यातला रस्ता सहालाही तव्यासारखा असतो. तो मध्येच टाचेवर चाले, मध्येच चवड्यावर, आणि सावली आली की दोन क्षण थांबे.

“मागं मागं येऊ नका म्हणा त्यांले,” थोरलीनं न वळता भावाला सांगितलं.

“येऊ नका,” धाकट्यानं कडेवरून निरोप पोचवला.

वॉकरच्या गळ्यातला पट्टा माणसांना त्याचा ठावठिकाणा कळवायचा. या वाघिणीचा पट्टा वीस पावलं मागं, पाय उचलत, कडेवर सोळा किलो घेऊन येत होता. ती किराणा दुकान ओलांडून गेली. पिठाची गिरणी ओलांडली. पिंपळापाशी तिची चाल मंदावली, कारण रस्त्याच्या कडेला काहीतरी चमकलं. ती वाकली, उचललं, फ्रॉकला पुसलं, दप्तरात टाकलं. मग उलट दिशेनं, घराच्या बाजूनं, खाली पाहत यायला लागली. दुसरा चमकणारा गिरणीच्या पायरीशी मिळाला. कोणीतरी लाथेनं उडवला असावा. नवाचे सात झाले तेव्हा ती बापाच्या समोर येऊन उभी होती. कन्याकुमारीचा विषय निघाला नाही. तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

“बाबा, तुमी चप्पल काऊन नाई घातली?”

इतक्या दिवसांनी कोणीतरी मध्यस्थाशिवाय त्याला थेट विचारत होतं. बाप उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात कडेवरून धाकटा बोलला.

“त्यांले सापडून नाई राह्यली. म्या कूलरमध्ये ठेवली. गरम झाली होती.”